रामघाट ते टेनेरीफ : एका प्रवासाचा बेत

या मालिकेत बहुतेक जण कुठं जाऊन आले ते सांगतात. मी अजून गेलेले नाही. जानेवारी २०२६मध्ये आम्ही निघतोय, आणि आज बोलायचंय ते बेताबद्दल. प्रवासवर्णनं पुष्कळ ऐकायला मिळतात. बेत कसा केला, कुठं अडलं, काय सोडलं, हे कोणी फारसं सांगत नाही. तिकडून आल्यावर तर आपल्यालाच ते आठवत नाही.

मी काशीत रामघाटावर राहते. लग्न होऊन इथं आले त्याला आता तीस वर्षं झाली. आमचं घर घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. आमच्याकडे महाराष्ट्रातून येणारी मंडळी उतरायची. पुण्या-सांगलीची, नगरची, इंदूर-ग्वाल्हेरची. त्यामुळे लोक प्रवासाचा बेत कसा करतात हे मी उलट्या बाजूनं पाहिलंय. कोण त्रिस्थळी यात्रा चार दिवसांत उरकायला निघतो, कोण म्हातारीला घेऊन येतो आणि घाटाच्या पायऱ्या पाहून मटकन बसतो, कोण भर जूनमध्ये येतो आणि दुपारी एकला पंचगंगेवर अनवाणी उभा राहतो. ही सगळी शहाणी माणसं असतात. फक्त नकाशा आणि पंचांग बघून निघालेली असतात, हवा आणि गुडघे बघून नाही.

आता आम्ही निघालोय ते कॅनरी बेटांवर. अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, राजकीयदृष्ट्या स्पेनमध्ये. गल्लीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिकडे काय पिवळे पक्षी बघायचे?" पक्ष्याचं नाव बेटांवरून पडलंय, बेटांचं पक्ष्यावरून नाही. पण काकूंना तेवढं तरी ठाऊक होतं. मला आधी तेवढंही नव्हतं.

मग हीच बेटं का? कारण अगदी घरगुती आहे. माझी मुलगी नेदरलँड्सला असते. तिला गेल्या मार्चमध्ये मुलगी झाली. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांना पणतीचं तोंड बघायचंय. मुलीला आणि जावयांना जानेवारीत मोजून दोन आठवडे रजा. दहा महिन्यांचं बाळ घेऊन त्यांनी जानेवारीत बनारसला यावं, तर इथं धुकं, शीतलहर, उशिराची विमानं. उन्हाळ्यात यावं तर ४५ अंश. आम्ही तिच्याकडे जाऊन राहावं, तर तिथं जानेवारीत तीन-चार अंश, पाचच्या सुमाराला अंधार, आणि सासूबाईंना संधिवात. दोघींना मानवेल अशी मधली जागा शोधायची होती. मुलगी म्हणाली, आई, इथले लोक थंडीत कॅनरीला जातात, आपण तिथं भेटू या.

मी नकाशा उघडला. रामघाट आहे साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर. टेनेरीफ हे कॅनरीमधलं सर्वात मोठं बेट आहे २८ अंशांवर. म्हणजे ते आपल्यापेक्षा उत्तरेला आहे! दिल्लीच्या जवळपासचं अक्षांश. तरी तिथं जानेवारीत किनाऱ्यावर दुपारी २०-२१ अंश असतात आणि ऑगस्टमध्ये २८-२९. वर्षभरात आठ अंशांचा फरक. आमच्याकडे एवढा फरक एका दिवसात पडतो.

हे असं का, ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. कारण दोन. उत्तरेकडून आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत थंड पाण्याचा एक प्रवाह खाली वाहतो, त्याचं नावच कॅनरी प्रवाह. तो बेटांना उन्हाळ्यात तापू देत नाही. आणि ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. जुन्या काळी शिडाची जहाजं याच वाऱ्यांवर पश्चिमेला जायची, १४९२मध्ये कोलंबससुद्धा इथल्या ला गोमेरा बेटावर थांबून पुढं गेला. हे वारे समुद्रावरून ओलावा आणतात, डोंगराच्या उत्तर उतारावर चढतात आणि तिथं ढग होऊन बसतात. वर उष्ण कोरड्या हवेचा थर असल्यामुळे ढग त्याच्या वर जात नाहीत. डोंगराच्या पलीकडे, दक्षिणेला, स्वच्छ ऊन. कोकण आणि देश यांच्यात जो फरक सह्याद्री करतो, तोच तिथं एका बेटावर आहे. एका बाजूला केळीच्या बागा आणि ढग, दुसऱ्या बाजूला निवडुंग आणि ऊन. हे कळलं की निम्मा बेत झाला, कारण कॅनरीला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न "कोणतं बेट" हा असला तरी दुसरा लगेच येतो, "कोणती बाजू".

आधी बेट बघू. माणसं राहतात अशी आठ बेटं आहेत. आठव्याला, ला ग्रासिओसाला, ही मान्यता २०१८मध्ये मिळाली, म्हणून जुन्या पुस्तकांत सात दिसतील. लांझारोते म्हणजे काळ्या लाव्ह्याचं बेट. तिथं १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं ज्वालामुखी धुमसत होता. फुएर्तेव्हेंतुरा म्हणजे लांबच लांब पुळण आणि वारा. ग्रान कानारिया मध्ये मोठं शहर आहे. ला पाल्मा हिरवं, आणि तिथल्या डोंगरावर १०.४ मीटर आरशाची दुर्बीण आहे. याच ला पाल्मावर १९ सप्टेंबर २०२१ला ज्वालामुखी फुटला, हजाराहून जास्त घरं गेली, आणि १३ डिसेंबरला तो थांबला. आमच्या लक्षात ती तारीख राहायचं कारण वेगळंच. त्याच दिवशी इथं विश्वनाथ धामाचं उद्घाटन होतं आणि आम्ही गल्लीतून बाहेर पडू शकत नव्हतो.

एक सावधगिरी. ला पाल्मा हे बेट. लास पाल्मास हे ग्रान कानारियावरचं शहर. आणि पाल्मा दे मायोर्का हे भूमध्य समुद्रात, भलतीकडेच. तिकीट काढताना नुसतं 'पाल्मा' लिहिलंत तर तिन्ही समोर येतात. तसंच टेनेरीफला दोन विमानतळ आहेत, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. टीएफएन म्हणजे उत्तर, टीएफएस म्हणजे दक्षिण. राहणार दक्षिणेला आणि उतरलात उत्तरेला, तर रात्री बाळ आणि म्हातारं माणूस घेऊन तासाभराचा जादा प्रवास.

आम्ही टेनेरीफ घेतलं. अॅमस्टरडॅमहून थेट विमान आहे, साडेचार-पाच तासांचं, आणि मोठी इस्पितळं आहेत. ७९ आणि दहा महिने अशी दोन वयं बरोबर असताना इस्पितळ किती लांब हे आधी बघायचं आणि समुद्राचा रंग नंतर. आणि बाजू घेतली दक्षिणेची. लोस क्रिस्तियानोस नावाचं गाव आहे, किनाऱ्यालगत सपाट रस्ता आहे, खुर्चीवरून माणसाला फिरवता येतं. उत्तर बाजू मला फोटोत जास्त आवडली होती, खरं सांगते. जुनी गावं, लाकडी सज्जे, हिरवाई. पण जानेवारीत उत्तरेला ढग आणि ओल जास्त. संधिवाताला ऊन हवं. माझी आवड एका दिवसाच्या सहलीवर भागवायचं ठरवलं.

तेइदे डोंगराबद्दल सगळे विचारतात. ३७१५ मीटर उंच, स्पेनमधलं सर्वात उंच शिखर. रोपवे २३५६ मीटरवरून निघतो आणि ३५५५ मीटरवर नेऊन सोडतो. हे आठच मिनिटांत होतं, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांना घेऊन जाऊ नये, अशी त्यांची सूचना आहे. जानेवारीत वर बर्फही असतं. म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांना तो बंद. जावई आणि आमचे हे जातील, आम्ही तिघी खाली. शेवटच्या टप्प्याला, अगदी शिखरावर जायला, वेगळा परवाना लागतो आणि तो खूप आधी संपतो. आमचे हे म्हणाले, शिखर नको, परत येता येईल एवढंच वर जाऊ.

आता तारखा. हा खरा गुंता. तिथला हंगाम हिवाळा. उत्तर युरोपातले लोक नोव्हेंबर ते मार्च तिथं येतात, तेव्हा भाव चढे असतात. फेब्रुवारीत सांताक्रूझचा कार्निव्हल असतो, तेव्हा आणखी. आमच्या बाजूनं पंचांग. संक्रांत १४ जानेवारीला, ती घरीच करायची. बाळाची पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण रथसप्तमीच्या आत व्हायला हवं, आणि रथसप्तमी २५ जानेवारीला. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, आणि सासूबाईंची अट, त्याच्या आत काशीत परत. तेव्हा १९ जानेवारीला बनारस सोडायचं, दिल्लीत दोन रात्री, मग अॅमस्टरडॅम, तिथं दोन रात्री, २३ला टेनेरीफ. २५ला बोरन्हाण. ४ फेब्रुवारीला टेनेरीफ सोडायचं.

दिल्लीत दोन रात्री कशाला, असं जावयांनी विचारलं. ते जानेवारीत बनारसला कधी आलेले नाहीत. बाबतपूरच्या विमानतळावर धुक्यात चार तास म्हणजे काहीच नाही. गाड्याही त्या दिवसांत उशिरानंच. बनारस-दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली-अॅमस्टरडॅम वेगळं तिकीट असेल, तर पहिलं चुकल्यावर दुसरी कंपनी काहीच देणं लागत नाही. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या लोकांनी हिवाळ्यात हे ध्यानात ठेवावं. एक रात्र जेवढ्याला पडते त्याच्या दसपट नवं तिकीट पडतं.

व्हिसा. कॅनरी बेटं शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे वेगळा व्हिसा नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आम्ही आधी नेदरलँड्समध्ये उतरणार, पण तिथं तीन रात्री आणि स्पेनमध्ये बारा, म्हणून अर्ज स्पेनकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मोठ्यांना फी ९० युरो, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. दहा बोटांचे ठसे द्यायला माणसाला स्वतः जावं लागतं. सासूबाईंचे ठसे यंत्राला तीनदा उमटले नाहीत. साठ वर्षं पितळी भांडी घासलेली बोटं ती. चौथ्यांदा उमटले.

त्यांच्या कागदपत्रांचा वेळ वेगळा धरा. आमच्याकडे आधारवर एक जन्मवर्ष आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं होतं, नावात कुठं 'बाई' होतं, कुठं नव्हतं. हे एकसारखं करायला अडीच महिने गेले. पासपोर्ट त्यानंतर. घरात वडीलधारं माणूस असेल आणि कधीतरी परदेशी न्यायचा विचार मनात असेल, तर तिकिटांचे भाव बघण्याआधी त्यांचे कागद एका जागी मांडून बघा.

आता सासूबाईंकडे येते. खरं तर सगळा बेत त्यांच्यापाशीच अडला होता.

काशीत एक जुनी रीत आहे, क्षेत्रसंन्यास. माणूस संकल्प करतो की आता मरेपर्यंत या क्षेत्राची हद्द ओलांडणार नाही. काशीत मरण आलं तर मुक्ती, म्हणून हद्दीबाहेर मरणाचा धोकाच घ्यायचा नाही. महाराष्ट्रातून कितीतरी वृद्ध याच हेतूनं इथं येऊन राहिले, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, रामघाट या पट्ट्यात त्यांची घरं होती. माझे सासरे गेले त्यानंतर सासूबाईंनी विधिपूर्वक संकल्प सोडला नाही, पण एकही रात्र बाहेर काढलेली नाही. प्रयागला कुंभ झाला, म्हणाल्या, तुम्ही जा. धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न पुण्याला झालं, म्हणाल्या, फोटो दाखवा.

आणि दुसरीकडे पणती. आपल्याकडे पंतवंडाचं तोंड बघणं म्हणजे केवढं भाग्य मानतात. सोन्याची फुलं उधळतात पणजीवर. रीत पणतूची आहे, मुलाच्या बाजूची. मी एकदा सहज तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "फुलं सोन्याची आहेत ना? मग झालं." त्यांनी स्वतःच्या एका जुन्या मण्यापासून पाच छोटी फुलं करून घेतली. पण निघायचं म्हटलं की गप्प. महिनाभर हो नाही की नाही नाही. एक दिवस मला म्हणाल्या, "तिकडे मला काही झालं तर माझं इतक्या वर्षांचं राहणं वाया."

यावर तुम्ही काय बोलाल? असं काही होणार नाही, हे बोलायला सोपं आहे. ७९ वर्षांच्या माणसाला ते सांगणं हा त्यांचा अपमानच. मी तसं म्हटलं नाही. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, वेदाध्ययनाची परंपरा इथं चालत आलेली आहे, त्यामुळे विचारायला जाणत्या माणसांची उणीव नाही. गल्लीतल्या एका वृद्ध वैदिकांना आमच्या ह्यांनी विचारलं. ते म्हणाले, संकल्प सोडला नसेल तर बंधन नाही. मनानं धरलेलं असेल तर ते ज्याचं त्यानं बघायचं. झालं, म्हणजे चेंडू परत सासूबाईंकडे.

त्यांनी आठ दिवसांनी तीन अटी सांगितल्या. शिवरात्रीच्या आत परत. गंगेचा गडू बरोबर. आणि काही झालंच तर "मला तिथं ठेवायचं नाही, इथं आणायचं."

तिसरी अट ऐकल्यावर मी विम्याचे कागद काढले. शेंगेन व्हिसासाठी प्रवासविमा सक्तीचा आहे, निदान ३०,००० युरोंचा. बहुतेक लोक तो स्वस्तातला बघून काढतात आणि व्हिसाच्या फाइलला लावतात. त्यात काय असावं लागतं ते नियमातच आहे. तातडीचे उपचार, इस्पितळ, उपचारासाठी मायदेशी आणणं, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणं. हे शेवटचं कलम कोणी वाचत नाही. आम्ही तेच आधी वाचलं. आणि त्यातले प्रश्न तुम्हीही विचारावेत म्हणून सांगते.

पहिला, पार्थिव आणण्यासाठी वेगळी रक्कम ठरवलेली आहे का, आणि ती किती. काही पॉलिसींत एकूण रक्कम मोठी दिसते, पण या कलमाला छोटी मर्यादा असते. दुसरा, कुठपर्यंत आणणार. दिल्लीच्या विमानतळापर्यंत की घरापर्यंत? आम्हाला दिल्ली पुरत नाही. तिसरा, आणि सर्वात महत्त्वाचा, आधीपासूनच्या आजाराचं काय. सासूबाईंना रक्तदाब आहे. समजा त्याच कारणानं काही झालं, तर हे कलम लागू होतं की नाही? दोन ठिकाणी फोनवर "हो हो, सगळं येतं" असं उत्तर मिळालं, आणि लेखी मागितल्यावर उत्तर बदललं. तिसऱ्या ठिकाणी जादा हप्ता घेऊन जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतं ते सामील केलं, ईमेलवर स्पष्ट लिहून दिलं. सत्तरीपुढं हप्ता तसाही चढतो. सासूबाईंचा विमा आम्हा दोघांच्या मिळून विम्यापेक्षा महाग पडला. आमच्या ह्यांनी कुरकुर केली नाही. पुढं, असं काही झालंच तर माद्रिदच्या भारतीय दूतावासाचे कागद लागतात, मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, विमान कंपनीची परवानगी. दूतावासाचा पत्ता, विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, पॉलिसीचा क्रमांक, हे मी एका कागदावर मराठीत आणि स्पॅनिशमध्ये लिहून काढलं. एक प्रत माझ्याकडे, एक जावयांकडे. तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला, आणि म्हणाल्या, "माझ्या औषधांची नावं पण लिही त्यावर." ती राहिलेली नव्हती, पण वर आणून लिहिली.

पूर्वी महाराष्ट्रातून काशीला निघताना लोक घरदार मार्गी लावून, निरोप घेऊन निघायचे, आणि सुखरूप परत आल्यावर मावंदं घालायचे. वरसईहून बाहेर पडून १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या विष्णुभट गोडशांचा प्रवास तर आपण वाचलेलाच असतो. तेव्हा परत येऊ की नाही, हा बेतातलाच एक भाग होता. आता आपण तो भाग विमा कंपनीला देऊन टाकलाय आणि वाचतही नाही.

गडूची गोष्ट. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला गंगाजळाचा गडू तुमच्यापैकी बहुतेकांच्या देवघरात असेल. शेवटच्या घटकेला तोंडात घालायचा. तो विमानात हातातल्या पिशवीत नेता येत नाही. द्रवपदार्थ शंभर मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत, आणि बाटल्या पारदर्शक पिशवीत. गडू मोठ्या बॅगेत, चेक-इनमध्ये जाईल. सासूबाईंचं म्हणणं, "गडू खाली सामानात आणि मी वर, मग काय उपयोग?" बिनतोड. शेवटी साठ मिलिलिटरची औषधाची पारदर्शक बाटली आणली, पंचगंगेवरून पाणी भरलं, आणि वर चिठ्ठी लावली. ती त्यांच्या बटव्यात. ताजी तुळस मात्र नाही. युरोपीय संघात ताजी पानं, फळं, रोपं प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, केळी-नारळासारखे चार-पाच अपवाद सोडून. म्हणजे बोरन्हाणाला बोरं पण नाहीत. चुरमुरे, हलवा, तिळगूळ चालतील. दुधापासून केलेलं काहीही चालत नाही. तूप, पेढे, खवा, सगळं घरी ठेवायचं. इथला लाल पेडा लेकीला फार आवडतो, पण नियम म्हणजे नियम. डाळ, तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट चालतं.

तिथं खाण्याचं फार अडणार नाही, असं दिसतंय. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीय. तिथले बटाटे खाऱ्या पाण्यात सालासकट उकडून, सुरकुत्या पडेपर्यंत आटवून, चटणीबरोबर खातात. आणि गोफिओ म्हणून एक पीठ आहे, मका, गहू किंवा जव भाजून दळलेलं. म्हणजे सातूचं पीठ! बनारसमध्ये सत्तूशिवाय उन्हाळा जात नाही, त्यामुळे हे वाचून सासूबाईंना त्या बेटांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. शिवाय लास पाल्मास आणि सांताक्रूझमध्ये सिंधी व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. १८५२मध्ये ती बंदरं करमुक्त झाली होती, त्या व्यापाराच्या ओढीनं ते आले. डाळ तिथंही मिळेल.

आणखी एक विषय मला महत्त्वाचा वाटतो. २० एप्रिल २०२४ला त्या बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. मागणी अशी की पर्यटनाला मर्यादा घाला. बेटांची वस्ती बावीस लाखांच्या आसपास, आणि २०२४मध्ये परदेशी पर्यटकच दीड कोटीहून जास्त. घरं पर्यटकांना भाड्यानं दिली जातात, मग तिथल्याच शिक्षकाला, परिचारिकेला राहायला घर मिळत नाही. पाणी कमी. हे वाचलं तेव्हा जायचं की नाही असं माझ्या मनात आलं, कारण ही तक्रार मला अनोळखी नाही. आमच्या गल्लीत चार घरं होती ती आता होमस्टे आहेत. जिथं सकाळी संथा ऐकू यायची तिथं चाकाच्या बॅगांचा आवाज येतो. येणाऱ्यांवर माझा राग नाही, आमचं घर तर त्यांच्यावरच चाललं. पण येणाऱ्याला कळायला हवं की ही कोणाची तरी राहती गल्ली आहे. म्हणून आम्ही एवढं केलं. राहत्या वस्तीतला फ्लॅट घेतला नाही, पर्यटकांसाठीच बांधलेल्या संकुलात जागा घेतली, तीही सरकारी नोंदणी क्रमांक जाहीर केलेली. महाग पडली. गाडी भाड्यानं घेणार नाही, बस चांगल्या आहेत. तिथं बसला 'ग्वाग्वा' म्हणतात, बाळाला तो शब्द आत्ताच आवडतो. आणि दगड, वाळू काही उचलून आणायचं नाही, तेइदेच्या उद्यानात ते बंदच आहे. रामेश्वरची वाळू काशीला आणणाऱ्यांच्या घरात हे सांगावं लागतं. गंमत म्हणजे सांताक्रूझजवळच्या एका किनाऱ्यावरची पिवळी वाळू १९७०च्या दशकात सहारातून जहाजानं आणून टाकलेली आहे. वाळू वाहायची हौस सगळ्यांनाच.

सहाराचं नाव निघालं म्हणून, तिकडून कधीकधी धुळीचा वारा येतो, कालिमा म्हणतात. दोन-चार दिवस आकाश मातकट. दमा असेल तर पंप जवळ ठेवा. आम्हा बनारसकरांना धुळीचं कौतुक नाही.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत युरोपात मोफत असते, पण ४८ तास आधी कळवायला हवं. विमान कंपनीला सांगितलं की झालं. सासूबाई म्हणतात, मी रोज घाट उतरते-चढते, मला खुर्ची कशाला? घाटावर वाटेल तिथं बसता येतं, शिपोलला येत नाही, असं सांगितल्यावर मान्य झालं.

दोन प्रश्न आलेत, त्यांची उत्तरं देते आणि थांबते.

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय, आजींच्या नावावर उत्पन्न नसेल तर व्हिसाला काय दाखवायचं? आम्ही मुलाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं हमीपत्र जोडलं, त्यांची बँकेची विवरणं आणि आयकराचे कागद दिले, आणि आई-मुलाचं नातं दिसेल असा कागद जोडला. ह्यांच्या पासपोर्टवर आईचं नाव आहे, तेच चाललं.

दुसरा प्रश्न, मुलीनं बाळासाठी तिकडे काय न्यायचं? टोपी, लांब बाह्यांचे सुती कपडे, संध्याकाळच्या वाऱ्यासाठी एक लोकरीचा. समुद्र जानेवारीत १९ अंशांच्या आसपास असतो, बाळाला आत न्यायचं नाही, पाय बुडवायचे. सासूबाई मात्र स्नान करणार म्हणतात. माघस्नानाचा महिना आहे, आणि समुद्रही तीर्थच.